आमचा संगणक आमच्याच खोलीत राहू द्या



आपल्या शाळेतल्या संगणकाला नेट लागत नव्हते, हे सर्वांना ठाऊक आहेच. नेटचा राउटर ऑफिसात आणि संगणक पार पलीकडच्या खोलीत. मध्ये दुसरी, तिसरी, चौथीचे वर्ग. भिंती जुन्या, दगडी, दीड हात जाड. म्हणून मागच्या पालकसभेत काही जण म्हणाले, "मग तो कॉम्प्युटर ऑफिसातच नेऊन ठेवा की! कशाला ही यातायात?" मला हे मुळीच पटलेले नाही.

ऑफिसात संगणक चालेल, खरे आहे. पण तो आमच्यासाठी चालणार नाही. तिथे मोठी माणसे बसलेली असतात, टपाल असते, पोषण आहाराची रजिस्टरे असतात. "आत येऊ का?" एवढे विचारायलासुद्धा आमच्यातले निम्मे घाबरतात. लहान वर्गांची पोरं तर दारातूनच पळतात.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. शाळेने रिपीटर आणला, तो आम्ही संगणकाच्या शेजारीच प्लगात खोचला. वाटले, नेट पाहिजे तिथेच यंत्र लावायचे! तांबडा दिवा लागला तो लागलाच. सगळे म्हणाले, पैसे पाण्यात गेले.

पण रिपीटर स्वतः नेट तयार करत नाही. शेतात या बांधावरची हाक त्या टोकाला पोचत नसली, तर मध्ये एक गडी उभा करतात. तो हाक ऐकतो आणि पुढे देतो. त्यालाच पार टोकाला उभा केला, तर त्याच्या कानी काही पडत नाही. मग तो पुढे सांगणार काय, कप्पाळ?

गुरुजींचा मोबाईल घेऊन आम्ही वर्गावर्गातून फिरलो. दुसरीत तीन रेघा, तिसरीत दोन, चौथीत एक, संगणकाच्या खोलीत एकही नाही. म्हणजे गड्याची जागा तिसरीत! तिथेही तांदळाच्या लोखंडी कपाटामागे रेघ गळाली, कारण लोखंडातून या लहरी आरपार जात नाहीत. म्हणून खिडकीकडचा प्लग धरला. आधी रिपीटर ऑफिसात राउटरजवळ लावला. राउटरवरचे डब्ल्यूपीएसचे बटण दाबले आणि दोन मिनिटांच्या आत रिपीटरवरचे दाबले. दोघांची ओळख पटली. मग तो उपटून तिसरीत आणला. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. आम्ही २.४ ची पट्टी घेतली, कारण भिंतीपलीकडे तीच जास्त लांब जाते. संगणकाला बोटाएवढा वायफायचा तुकडा मागे लावला होता, तो पुढच्या बाजूला आणला. हिरवा दिवा! त्याच दिवशी बालभारतीच्या संकेतस्थळावरून आमचे विज्ञानाचे पुस्तक उतरवले. चौथीची मुले खिडकीला लोंबकळून बघत होती.

एक गोष्ट कबूल करतो. वेग कमी झाला, साधारण निम्माच. बरोबरच आहे, गडी एकाच वेळी ऐकेल आणि ओरडेल कसा? पुस्तक हळूहळू उतरते, आणि व्हिडिओ मधेच अडकतो. वेग हवा असेल तर ऑफिसापासून सरळ वायरच ओढावी, असे गुरुजींचे मत आहे आणि माझेही. अशी वायर १०० मीटरपर्यंत चालते. आपला व्हरांडा मी पावलांनी मोजला, साठ पावले भरला. शाळा व्यवस्थापन समितीने वायरीचा विचार जरूर करावा, पण संगणक हलवण्याचा करू नये.

तोपर्यंत तिसरीच्या मुलांना विनंती आहे. शाळा सुटताना पंखे-दिवे बंद करता ते चांगलेच आहे, पण सकाळी आल्यावर खिडकीकडचे बटण आठवणीने चालू करावे आणि मधल्या वेळेत त्याला हात लावू नये. काल दोनदा बंद सापडले.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी