पत्रकारितेच्या वर्गाने काय मागावे?

बेळगावात १९२९ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते शिवराम महादेव परांजपे, आणि १९४६ साली येथेच भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. पहिले 'काळ'कर्ते, दुसरे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक. याच गावात १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी बेळगावचा 'तरुण भारत' सुरू केला. सीमाभागातील आपल्या घराण्यांत साहित्य आणि वृत्तपत्र यांच्यामध्ये भिंत नव्हती. संपादक दारी आला तर त्याला ओसरीवर नव्हे, माजघरात बसविले जाई.

आज त्याच घरातील नात जेव्हा म्हणते, "मी पत्रकारिता शिकते," तेव्हा आजोबा विचारतात, "कोणत्या पत्रात?" नात मोबाइल पुढे करते. आजोबा हसतात, आणि संवाद तेथेच संपतो. या हसण्याविषयी आणि त्या मोबाइलविषयीही आमची तक्रार आहे. दोन्ही बाजू येथे स्पष्टपणे मांडाव्यात, असा आमचा विचार आहे.

आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीने आपल्या महाविद्यालयातील ऑनलाइन पत्रकारितेच्या वर्गात दिलेल्या कामांची यादी आम्हांस दाखविली. एका सत्रात सहा छायाचित्रांची एक मालिका, दोन मिनिटांची ध्वनिफीत, दीड मिनिटाची चित्रफीत, एक नकाशा, मुदतीत लिहिलेल्या चार छोट्या बातम्या, आणि समाजमाध्यमांवर नियमित उपस्थिती. दुसऱ्याचे छायाचित्र परवानगीवाचून वापरल्यास शून्य गुण. नावाच्या लेखनात चूक झाल्यास गुण कापले जाणार. मुदत चुकल्यास काम स्वीकारले जाणार नाही.

ही यादी वाचून नाके मुरडणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना आम्ही प्रथम विचारतो, यात वाईट ते काय? मुदत पाळणे, नाव अचूक लिहिणे, दुसऱ्याच्या श्रमाची चोरी न करणे, हे तर कोणत्याही जुन्या संपादकाच्या हाताखाली शिकावे लागत असे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा छापलेला कागद हाही एक नवा चमत्कारच होता. अग्रलेख म्हणजेच पत्रकारिता, असे मानणाऱ्यांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे महापूर आठवून पाहावेत. पुणे-बंगळूर महामार्ग निपाणीजवळ पाण्याखाली गेला होता. त्या दिवशी यमगर्णीच्या शेतकऱ्याला विद्वत्तापूर्ण अग्रलेख हवा नव्हता. पाणी कोठपर्यंत आले, कोणता रस्ता चालू आहे, हे दाखविणारा नकाशा हवा होता, आणि पुलाच्या अलीकडे उभे राहून खात्रीने बोलणारा एक आवाज हवा होता. ते काम छायाचित्र, ध्वनी आणि नकाशा यांनीच होते. साधनांशी आमचे भांडण नाही.

आमचे भांडण आहे ते त्या यादीतील शेवटच्या अटीशी, आणि यादीत नसलेल्या तीन गोष्टींशी.

शेवटची अट अशी की, चित्रफीत किती जणांनी पाहिली, त्या संख्येला वीस गुण. ही अट शिक्षणाच्या मुळावर घाव घालणारी आहे, असे आम्ही म्हणतो. विशेषतः आपल्या भागात. येथे सर्वांत जास्त पाहिली जाते ती कोणती चित्रफीत, हे सांगावयास हवे का? फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ भाषेवरून एका बसवाहकाला मारहाण झाल्याचे प्रकरण घडले. पाहता पाहता दोन्ही राज्यांतील बसगाड्या काही काळ थांबल्या. मधल्या मध्ये अडकले ते कोल्हापूरच्या दवाखान्याला निघालेले रुग्ण आणि परीक्षेला जाणारी मुले. त्या दिवसांत जे तुकडे हातोहात फिरले, त्यांत 'त्याआधी काय घडले?' हा प्रश्न विचारणारे किती होते? संख्येला गुण देणारा शिक्षक नकळत विद्यार्थ्याला सांगत असतो की, ठिणगी दिसली तर तिच्यावर फुंकर घाल. सीमाभागातील पत्रकाराला शिकवावयाचे ते याच्या नेमके उलट.

आता यादीत काय नाही ते पाहू. पहिली उणीव मराठीची. कोणत्या भाषेत लिहावे, याचा त्या कागदावर उल्लेखच नाही. चित्र बोलते म्हणून शब्द कशाला, असा समज दिसतो. परंतु चित्राखालची ओळ चुकली तर चित्रही खोटे बोलू लागते. 'जमाव चालून आला' आणि 'लोक जमले' यांत केवढे अंतर आहे! हे अंतर ओळखणारा कान ज्याला नाही, त्याच्या हाती कॅमेरा देणे धोक्याचे आहे. दुसरी उणीव शुद्धिपत्राची. छापील पत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी ती कबूल करावी लागे. येथे चूक झाली की मजकूर गुपचूप पुसून टाकता येतो. पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे वर्गात शिकविलेच पाहिजे.

तिसरी उणीव सांगताना आमच्याच घरातील अनेकांचा रोष आम्हांस पत्करावा लागेल. ती उणीव कन्नडची आहे.

वाचकहो, रागावण्यापूर्वी एवढे ऐकावे. वेदगंगेवरील पाटगाव आणि दूधगंगेवरील काळम्मावाडी ही दोन्ही धरणे कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. विसर्गाची सूचना तिकडून मराठीत निघते. इकडच्या गावांनी कोठे जावे, निवारा कोठे आहे, याचा बेळगावचा सरकारी आदेश कन्नडमध्ये निघतो. नदीला हद्द ठाऊक नाही. यमगर्णीची बातमी देणाऱ्याला दोन्ही कागद वाचता आले नाहीत, तर तो अर्धीच बातमी देणार. जमिनीचा पहाणी उतारा कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीचा ठराव कन्नडमध्ये. हे वाचता न येणारा मराठी पत्रकार कोणावर विसंबणार? कोणी तरी सांगितलेल्यावर. आणि 'कोणी तरी सांगितले' हाच तर अफवेचा जन्म.

"ही शरणागती झाली," असे काही ज्येष्ठ म्हणतील. ज्यांनी १९५६ सालापासून आयुष्याची उमेद या प्रश्नासाठी खर्च केली, त्यांचा हा आक्षेप आम्ही हलका लेखत नाही. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अद्याप निकाली निघालेला नाही. मराठी भाषकांना मराठीत कागदपत्रे मिळावीत, ही मागणी न्याय्य आहे आणि तिच्यातील एक अक्षरही आम्ही मागे घेत नाही. परंतु आपल्यावर झालेला अन्याय ज्या कागदावर लिहिलेला आहे, तो वाचता येणे म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे. वकील प्रतिपक्षाचे कागद वाचतो म्हणून तो प्रतिपक्षाला मिळाला, असे कोणी म्हणत नाही. 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी असे दोन स्तंभ शेजारी शेजारी छापले जात. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी'च्या बरोबरीने इंग्रजी 'मराठा'ही निघाला. आपल्या पूर्वसूरींनी राज्यकर्त्यांची भाषा शिकून त्यांनाच जाब विचारला. शिवाय कन्नड ही परक्यांची भाषा नाही. ती आपल्या शेजाऱ्याची, आपल्या बाजारपेठेची आणि पुष्कळदा आपल्याच घरात आलेल्या सुनेची भाषा आहे.

निपाणी आणि बेळगाव यांत अंतर सुमारे ७५ किलोमीटर. तेवढ्यात विद्यापीठे दोन! निपाणीच्या वेशीवरील अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत, म्हणून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. बेळगावची कला-वाणिज्य महाविद्यालये २०१० साली स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. दोन्ही बाजूंचे अभ्यासक्रम आपल्यासाठी लिहिलेले नाहीत. एकाला कन्नड दिसत नाही, दुसऱ्याला मराठी. म्हणून जे विद्यापीठ मागत नाही ते समाजाने मागावे, असे आमचे मत आहे.

आमची मागणी पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक चित्रफितीसोबत तीनशे शब्दांचा निर्दोष मराठी मजकूर असावा. प्रत्येक बातमीत किमान एक मूळ कागद, तो ज्या भाषेत असेल त्या भाषेत, स्वतः वाचलेला असावा. झालेली चूक स्वतःच्या नावाने जाहीर करण्यास गुण असावेत. पाहणाऱ्यांच्या संख्येला एकही गुण नसावा. आणि सत्रातून एकदा तरी अशा माणसाचा आवाज त्याच्या संमतीने नोंदवावा, ज्याला आजवर कोणी काही विचारलेले नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे आंदोलन झाले, गोळीबारात शेतकरी बळी पडले, हे आपण सांगतो. तंबाखूच्या वखारीत खोकत खोकत उभे आयुष्य काढलेल्या बायांचे बोलणे, त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीसह, आपल्या किती अंकांत आले? छापील मजकुरात त्यांची भाषा आपण 'शुद्ध' केली असती. ध्वनिफीत ती जशीच्या तशी ठेवते. या कामी मोबाइल आमच्या लेखणीहून प्रामाणिक आहे, हे आम्ही मान्य करतो.

मागणाऱ्याने काही द्यावेही लागते. आपल्या माळ्यांवर जुन्या वृत्तपत्रांची बाडे, सत्याग्रहातील पत्रे, सभांची हस्तपत्रके वाळवीच्या वाट्याला जात आहेत. ती या मुलांसाठी उघडावीत. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी झालेले आपल्याच मंडळाचे जुने अंक संगणकावर शोधूनही सापडत नाहीत. ते पुन्हा टंकलिखित करण्यास हात द्यावा. ज्यांनी शाळांतून चाळीस वर्षे निबंध तपासले, त्या निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या मुलांचे मजकूर तपासावेत. आणि आपल्याकडे प्रश्न घेऊन आलेल्या मुलीला, तिचा प्रश्न अडचणीचा असला तरी, उत्तर द्यावे.

आजोबांनी हसण्याऐवजी विचारावे, "हे तू कोणाला विचारून लिहिलेस? कागद पाहिलास का?" नातीला वर्गात हे कोणी विचारलेले नाही. घरात तरी कोणी विचारावे.