पायवाट सर्वांची



आपल्या वस्तीतली सहल कशी असते, ते आपण जाणतोच. टेम्पो ठरवायचा, पातेली चढवायची, बायांनी तीन दगडांच्या चुलीशी धूर खायचा आणि पुरुषांनी आडोशाला बाटली उघडायची. परतताना बायांना विचारा, काय पाहिले? उत्तर एकच : चूल! म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा कुटुंबांनी ठरवले, या खेपेला चूल नाही आणि बाटलीही नाही. भाकरी-ठेचा बांधून न्यायचा आणि नुसते चालायचे. भाकऱ्या शेवटी बायांनीच भाजल्या, हे कबूल करतो.

शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला पोहोचलो. सातपुड्यातले हे पठार अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. एका टपरीवर गरम चहा घेतला आणि तिथूनच पाय मोकळे केले. डोळ्यांपुढे वाळून पिवळे पडलेले गवत, मध्येच मोहाचे एखादे झाड, दूरवर निळ्या डोंगररांगा. सीताखाईच्या कड्याजवळ पोरांचे हात घट्ट धरले. आमच्या घरची मंडळी हळूच म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं झाली. डोक्यावर, कडेवर काही न घेता एवढं मी आज पहिल्यांदा चालले." मी हिशेबाचा माणूस, पण ही वजाबाकी मी कधी मांडलीच नव्हती!

यशवंत तलावाशी आलो. आमच्याबरोबरच्या सत्तरीच्या मावशी काठाशी बसल्या, पाण्यात हात बुडवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. म्हणाल्या, "माझ्या लहानपणी विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं. कोणी वरून ओतलं तर पाणी. वाटेनं जाताना समोरून मोठा माणूस आला की कडेला व्हायचं." पोरे गप्प झाली. पुस्तकातला महाडचा धडा त्यांना त्या दिवशी कळला. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते काही तहानेपोटी नव्हे.

विलायतेतही गोरगरिबांना मोकळी वाट फुकट मिळालेली नाही. आज तिकडे लोक गावच्या दारूच्या दुकानापासून निघून माळरानावर मैलोन्‌मैल भटकतात. पण एके काळी ते माळ जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टरकडचे शेकडो कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरपठारावर मनाई मोडून चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. तिथल्या माळांवर चालण्याचा हक्क देणारा कायदा झाला तो 2000 साली. आठवडाभर गिरणीत राबणाऱ्या माणसाला रविवारी मोकळी हवा हवी, एवढीच त्यांची मागणी होती. आपली मागणी तरी वेगळी काय आहे?

मात्र एक गोष्ट विसरू नये. परतताना समोरून एक पावरा बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन आली. आम्हाला पाहून ती वाट सोडून गवतात उतरू लागली. मावशीच पुढे झाल्या. म्हणाल्या, "बाई, तू ये. आम्ही रिकामे आहोत, आम्हीच बाजूला होतो." आम्ही सारे कडेला झालो. ती हसली आणि वाटेच्या मधून चालत गेली. आपण तिथे घटकाभर फिरायला गेलेलो. ती वाट, ते गवत, ती शेते यांवर तिचा संसार चालतो. उभ्या पिकात शिरू नये, कागद-पिशव्या टाकू नयेत, विडीचे थोटूक वाळल्या गवतात फेकू नये, हे वेगळे सांगायला नको.

टपरीवर परत आलो. पुन्हा चहा झाला. या वेळी कपबश्या पुरुषांनी विसळल्या, टपरीवाला नको नको म्हणत असताना! पुढच्या सुट्टीत आपणही घरच्या बायांना घेऊन निघा. चूल घरीच राहू द्या.

जयभीम!