मुदत आहे, शर्यत नाही

एके काळी पेढीवरचे दिवाणजी वसुलीसाठी सायकलवरून फिरत. आता खुद्द पेढीचे मालक रविवारी पहाटे सायकल काढतात. हा पालट स्वागतार्ह आहे. दिवसभर गादीवर बसून हिशेब सांभाळणाऱ्या देहाला व्यायामाची गरज आहेच. मात्र या निर्मळ छंदात अलीकडे ईर्षेचा शिरकाव झाला आहे, त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

आपल्याकडील अनेक हौशी सायकलस्वार ‘ब्रेव्हे’ नावाच्या उपक्रमात भाग घेतात. ब्रेव्हे या फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रमाणपत्र. १९०४ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने त्याची नियमावली घडविली. २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटे, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ आणि ६०० साठी ४० तास अशी कमाल मुदत असते. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक दिले जात नाहीत. नऊ तासांत पोहोचलेल्यास आणि तेराव्या तासाला पोहोचलेल्यास सारखेच प्रमाणपत्र मिळते. कर्जाचा हप्ता मुदतीच्या पहिल्या दिवशी भरला काय किंवा अखेरच्या दिवशी, खाते नियमितच राहते; तसाच हा न्याय. इतकेच नव्हे, अतिवेगालाही लगाम आहे. नियमावलीने २०० किलोमीटरसाठी ५ तास ५३ मिनिटांची किमान मर्यादाही घातली.

या व्यवस्थेमागे इतिहास आहे. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत सुरू झाली. पहिला विजेता शार्ल तेरों सुमारे ७१ तासांत परतला. पुढे साधारण दर दहा वर्षांनी ती भरत असे. १९३१ पासून त्याच मार्गावर हौशी मंडळींसाठी क्रमांकाविना प्रवास सुरू झाला. व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली. हौशींचा प्रवास मात्र आजही चालू आहे. आता तो दर चार वर्षांनी निघतो, त्याची कमाल मुदत ९० तास असते आणि २०१९ साली त्यात भारतातूनही शेकडो जण उतरले होते. जिंकण्यासाठी धावणारे थांबले, आनंदासाठी निघालेले टिकले. व्यापाऱ्याने मनन करावे असा हा ताळेबंद आहे.

तरीही घरोघरी संवाद ऐकू येतो तो, “तुम्ही कितवे आलात?” असाच. स्ट्राव्हासारखे ॲप एकेका चढावरील वेळेची क्रमवारी लावते आणि पन्नाशीचा गृहस्थ पंचविशीच्या तरुणाशी झुंजू लागतो. शर्यतीसाठी रस्ता बंद केलेला असतो. ब्रेव्हेचा रस्ता खुला असतो. तेथे ट्रक असतात, सिग्नल असतात, अंधारातले खड्डे असतात आणि वाहतुकीचे सर्व नियम लागू असतात. दहा मिनिटे वाचविण्यासाठी सिग्नल तोडणारा किंवा झोप टाळून उतारावर सायकल सोडणारा न मिळणाऱ्या बक्षिसासाठी प्राण पणाला लावतो. ज्यास रक्तदाबाचा वा मधुमेहाचा त्रास आहे, त्याने वैद्यकीय सल्ल्याविना असे करणे म्हणजे तारणाशिवाय मोठी उचल घेणे होय.

ही ईर्षा कोठवर नेते, पाहा. २०१२ साली न्यूयॉर्क येथील ग्रान फोंदो या हौशींसाठीच्या सायकल सोहळ्यात दोन सायकलस्वारांच्या तपासणीत ई.पी.ओ. हे प्रतिबंधित औषध आढळले. हौसेच्या मैदानात औषधाने मिळविलेला क्रमांक खोट्या जमाखर्चासारखाच. आकडे जुळतात, पत जाते.

वेगाला माझा विरोध नाही. ज्यांना शर्यतच हवी, त्यांच्यासाठी रीतसर स्पर्धा आहेत; तेथे अवश्य उतरावे. पण जेथे केवळ मुदत आहे, तेथे शर्यत कल्पू नये. निघताना घरी परतण्याची वेळ सांगावी, ती मुदतीच्या शेवटच्या तासाची सांगावी. वाटेत एखाद्याची सायकल पंक्चर झाली, तर थांबून हात द्यावा; त्यात गेलेली पंधरा मिनिटे मुदतीत सहज बसतात. आणि घरच्यांनी “कितवे आलात?” याऐवजी “काय पाहिलेत, कोण भेटले?” असे विचारावे.

सहा दिवस आपण बाजारात चढाओढ करतोच. सातव्या दिवशी तरी शेजारच्या सायकलस्वाराला प्रतिस्पर्धी न मानता सहप्रवासी मानावे. मुदतीत सुखरूप घरी आलेला प्रत्येक जण येथे उत्तीर्ण आहे.