सर्वानुमते म्हणजे कोणाच्या मते?

कोणत्याही गावच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची वही उघडा. ठराव रस्त्याचा असो, गायरानाचा असो की पाण्याचा. खाली सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव आणि मग ते ठरलेले वाक्य : ‘सदर ठराव सर्वानुमते मंजूर.’ इतक्या माणसांचे इतक्या गोष्टींवर एकमत होत असेल तर आपली खेडी म्हणजे जन्नतच म्हणायला हवी! पण खेड्यात राहणाऱ्याला ठाऊक असते, की या एका शब्दाखाली किती तोंडे दाबलेली असतात. या शब्दाची झडती घ्यावी, एवढ्यासाठी हा लेख.

२०१६ चा उन्हाळा आठवा. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. मी तेव्हा नुकतीच बी. एड. होऊन एका गावच्या उर्दू शाळेत लागले होते. गावाचे नाव लिहीत नाही, कारण ते कोणतेही गाव असू शकते. टँकर कोठे रिकामा करायचा हे ठरवायला मार्चमध्ये ग्रामसभा भरली. वेशीजवळच्या विहिरीत टाकावा, असे पुढे बसलेल्यांचे म्हणणे. आमच्या मुलांचा मोहल्ला आणि मातंग वस्ती ओढ्यापलीकडे, विहिरीपासून सर्वांत लांब. शाळेच्या कामाचा अर्ज घेऊन मी गेले होते. मोहल्ल्यातले चार-पाच पुरुष दाराशी उभे होते. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसले. दुसरा हळूच म्हणाला, “अपन कायकू बोलना? बोलके क्या होता?” बायका तर एकही नव्हती. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सुट्टी लागेपर्यंत माझ्या वर्गातल्या मुली पहिल्या तासाला दिसल्या नाहीत. त्या घागरी घेऊन रांगेत असत.

आता दुसरी गोष्ट. मध्यंतरी आमच्या शिक्षकांत गप्पा चालल्या होत्या. मी म्हटले, जगात काही लोक असे मानतात की गावाने, वस्तीने आपला कारभार आपण करावा. जंगल, पाणी, जमीन यांची राखण आणि वाटणीही आपणच करावी. त्यासाठी वर दंडुका घेऊन बसलेल्या सत्तेची गरज नाही. एक सर हसून म्हणाले, “मॅडम, म्हणजे अराजक! दांडा नसेल तर आपली माणसं एकमेकांची डोकी फोडतील.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेही सर्वानुमते!

सरांचा गैरसमज एकट्याचा नाही. अराजक आणि अराज्यवाद हे दोन शब्द आपण एकाच पोत्यात भरतो. अराजक म्हणजे नियम नसणे. अराज्यवाद म्हणजे नियम असणे. पण ते ज्यांना पाळायचे त्यांनीच बसून केलेले असणे. अमेरिकेतील मरे बुकचिन (१९२१-२००६) या विचारवंताने याला निसर्गाची जोड दिली. माणसाने निसर्गावर मालकी गाजवायला सुरुवात केली तिचे मूळ माणसाने माणसावर मालकी गाजवण्यात आहे, असे त्याचे प्रतिपादन. म्हणून जंगल वाचवायचे तर आधी माणसामाणसांतली उतरंड मोडा. समोरासमोर बसणाऱ्या छोट्या सभा करा, त्या सभांचे संघ करा आणि वर पाठवलेला प्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क खाली ठेवा. हा विचार तुरुंगातल्या अब्दुल्ला ओजलान या कुर्द नेत्याने वाचला आणि २०१२ नंतर उत्तर सीरियातल्या कुर्दांनी युद्धाच्या धामधुमीत तो राबवून पाहिला. गल्लीगल्लीत सभा झाल्या. प्रत्येक समितीला दोन अध्यक्ष, एक स्त्री आणि एक पुरुष. समाज बहुसंख्य मुसलमानांचा होता, हे आपल्यातल्या ‘आपल्यात हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

पण सीरियापर्यंत जायची गरज नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. पाचशेच्या आसपास वस्ती, सारे गोंड. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्यामागची शिस्त मात्र थोड्यांना. तेथे बहुमताने निर्णय होत नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात, पुन्हा बोलतात. निर्णयाआधी अभ्यास गट बसतो. त्यात बाहेरचा जाणकारही बसू शकतो, पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तेथे बाहेरच्याला जागा नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावे या गावाबरोबर घेतली जातात; पण गावाने आपला पुढारी नेमला नाही, ही खरी गोष्ट आहे. वनहक्क कायदा २००६ चा. २००९ साली या गावाला १,८०० हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हाती. गाव भांडले. अखेर २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यावे लागले. २०१३ साली गावाने ग्रामदान कायद्याखाली आपल्या खासगी जमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला. ज्याला सर अराजक म्हणतात, ते असे असते!

यावर हमखास येणारा आक्षेप मला माहीत आहे. ‘ते आदिवासी. एका जातीचे, छोटे गाव, भोवती जंगल. आपल्याकडे अठरापगड जाती, त्यात हिंदू-मुसलमान. येथे कसली सहमती?’

आक्षेपाचे दोन तुकडे करू. पहिला, हे फक्त आदिवासींनाच जमते. आमच्या कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव आणि पुढे धुळे. त्या बाजूला पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालली. शेतकऱ्यांनी नदीवर बंधारे घातले, पाट काढले, शिवाराचे फड पाडले. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसे शेतकऱ्यांनीच नेमलेली, त्यांचा मोबदलाही शेतकऱ्यांनीच द्यायचा. शेतकऱ्याचे तुकडे निरनिराळ्या फडांत विखुरलेले असत. म्हणून पाणी कमी पडले आणि एखादा फड कोरडा ठेवला तर झळ एकट्याला नव्हे, सगळ्यांना बसे. हे कोणा जंगलातल्या टोळीचे नव्हे, आपल्यासारख्याच गावगाड्याचे काम. गंमत अशी, की नहर बांधणारा मलिक अंबर आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात सापडेल. पाण्याची पाळी राखणारा जागल्या सापडणार नाही.

पण फडाचेही एक खोटे होते. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही. हे खोटे पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी हेरले. १९७२ च्या दुष्काळानंतर, १९७४ पासून त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम सरळ होते. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जाणार नाही. ऊस नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, भूमिहीनालाही पाण्यात वाटा. त्या सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत. तरी नियम चुकीचे होते असे त्यावरून ठरत नाही. पाणी, चारा आणि आग यांत सर्वांचा वाटा आहे, हे आपण वाअजमध्ये कितीदा ऐकतो! ऐकून घरी येतो. नायगावने ते एकराच्या हिशेबात लिहून दाखवले.

आता आक्षेपाचा दुसरा तुकडा : मिश्र वस्तीत सहमती होणार नाही. मी उलट म्हणते. सहमतीची खरी गरज मिश्र वस्तीलाच आहे. हजार घरांत ज्यांची चाळीस घरे, त्यांच्यासाठी बहुमत म्हणजे काय? दरवेळी हरण्याची हमी! ती चाळीस घरे कुठे मुसलमानांची असतील, कुठे मातंगांची, कुठे एकट्या पारध्याची. हात वर करून मोजणीच करायची असेल तर त्यांनी सभेला यावे तरी कशाला? मात्र ‘तू हो म्हटल्याशिवाय ठराव नाही’ असा नियम असेल, तर दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवावेच लागेल. त्याला घाबरवून चालणार नाही, समजावून सांगावे लागेल.

येथेच आपला मोठा घोटाळा आहे. आपण बिनविरोध आणि सहमती यांना जुळे भाऊ समजतो. बिनविरोध म्हणजे कोणी नाही म्हटले नाही. सहमती म्हणजे प्रत्येकाला विचारले आणि प्रत्येक जण हो म्हणाला. पहिल्यात गप्प बसणे पुरते. दुसऱ्यात बोलणे लागते. बिनविरोधाची किंमत काय होते हे २०२१ च्या जानेवारीत दिसले. सरपंचपदाचे लिलाव झाल्याचे उघडकीला आले म्हणून राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी येथील ग्रामपंचायतीच्या निवडणुका रद्द केल्या. लिलाव ज्या गावात होतो तेथेही वरून सारे सलोख्याचेच दिसते!

कायदाही पाहा. आपल्या ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. तेवढीही माणसे जमली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. म्हणजे लोक आले नाहीत हीच त्यांची संमती! याउलट वनहक्काच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर निम्म्या सभासदांची उपस्थिती हवी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. जंगलाच्या गावाला जे लागू, ते पाण्यासाठी तडफडणाऱ्या गावाला का नको?

दोष केवळ पुढे बसणाऱ्यांचा नाही. आपल्या मोहल्ल्यातल्या बैठका तरी कशा होतात? मशवरा हा शब्द आपण मोठ्या अभिमानाने उच्चारतो. मशवऱ्याला कोण असते? चार वजनदार माणसे आणि त्यांचे मेहुणे. बागवान, पिंजारी, फकीर यांतला कोण कोठे बसणार हे आधीच ठरलेले. आणि पाणी भरणारी, सरपण वेचणारी बाई? ती पडद्याआडसुद्धा नसते, ती नळावर असते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी असे कायदा २००३ पासून सांगतो. तिला जाणाऱ्या आपल्या मोहल्ल्यातल्या बायका बोटांवर मोजा. गावाने आपल्याला विचारले नाही अशी तक्रार करणारा पुरुष घरी जाऊन बायकोला विचारत नसेल, तर त्याची तक्रार निम्मीच खरी आहे.

माझे मागणे फार मोठे नाही. सगळी गावे उद्या मेंढा होणार नाहीत. मेंढाही एका दिवसात झाले नाही. पण एवढे तर करता येईल : पाण्याचा आणि गायरानाचा ठराव मांडला की ज्याला सर्वांत कमी मिळणार आहे त्या वस्तीला आधी बोलू द्या. महिला सभेचे म्हणणे ग्रामसभेत पहिल्यांदा वाचा. ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी कोण आले नाही, त्यांची नावे लिहा. आणि एकाने नाही म्हटले तर पंधरा दिवस थांबा. पंधरा दिवस थांबल्याने गाव बुडत नाही. मी माझ्या वर्गात सुरुवात केली आहे. सहल कोठे न्यायची हे आम्ही हात मोजून ठरवले नाही. तीन दिवस वाद झाला, एक मुलगी शेवटपर्यंत नाही म्हणत राहिली. विचारल्यावर कळले, तिच्याकडे पैसे नव्हते. हात मोजले असते तर हे कळलेच नसते.

राहता राहिली त्या २०१६ च्या ठरावाची गोष्ट. सभा संपताना शिपायाने हजेरीचा कागद फिरवला. गणपूर्तीला माणसे कमी पडत होती. मी त्या गावची मतदारही नव्हते. तरी त्याने कागद पुढे केला आणि मी, शिकलेली, बी. एड. झालेली बाई, सही करून मोकळी झाले. त्या ठरावाखालच्या ‘सर्वानुमते’मध्ये माझेही मत मोजलेले आहे. ओढ्यापलीकडच्या त्या मुली आता मोठ्या झाल्या असतील. त्यांनी ती वही कधी उघडली, तर माझ्या सहीचा अर्थ मी त्यांना काय सांगणार आहे?