आरोग्यविचार : अर्धवट राहिलेली वाटणी

मानेंत किंवा कांखेंत न दुखणारी गांठ दिसली कीं, घरांतील वडीलधारी मंडळी ‘गंडमाळ असेल’ असें म्हणून लेप सुचवितात. हा तर्क अगदींच निराधार नव्हे. आपल्या देशांत अशा गांठी पुष्कळदां क्षयाच्याच असतात. परंतु दिसण्यांत तशीच, पण जातीनें निराळी अशी एक व्याधि आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द लिहितों.

लंडनच्या गाय इस्पितळांतील डॉ. टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं लसिकाग्रंथींच्या या विकाराचें वर्णन केलें. त्यांतील विलक्षण मोठ्या पेशींची माहिती व्हिएन्नाच्या डॉ. कार्ल स्टर्नबर्ग यांनीं १८९८ सालीं दिली. पण हा क्षयाचाच एक प्रकार, असें त्यांचें मत पडलें. बाल्टिमोरच्या डॉ. डोरोथी रीड या विदुषीनें १९०२ सालीं तें खोडून काढिलें. त्या पेशींस आज या दोघांचेंही नांव आहे. सामान्य पेशींत केंद्रक एक. रीड-स्टर्नबर्ग पेशींत दोन किंवा अधिक. सूक्ष्मदर्शकाखालीं ती घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसते.

हीं जास्त केंद्रकें येतात कोठून? दोन परक्या पेशी एकमेकींत मिसळत असाव्या, असा एक तर्क होता. जर्मन संशोधकांनीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींचीं सलग चलच्चित्रें घेऊन २०१३ सालीं निराळें उत्तर दिलें. लहान, एककेंद्रकी पेशी विभागूं लागते. केंद्रकें दोन होतात. कन्यापेशी दूर सरतात. परंतु शेवटचा सांधा तुटत नाहीं. सूक्ष्म तंतूंचा एक धागा उरतो आणि कालांतरानें दोघी बहिणी पुन्हां एक होतात. एकत्र कुटुंब आम्हांस कितीही प्रिय असलें, तरी पेशींच्या राज्यांत वाटणी पुरी होणें हाच धर्म होय.

गांठींत अशा पेशी बहुधा शंभरांत एखादीच. बाकीचा जमाव इतर पेशींचा. म्हणून सुईनें काढिलेल्या अंशांत त्या हुकूं शकतात, आणि डॉक्टर सबंध गांठ काढून तपासावी म्हणतात. हा रोग तरुण वयांत पुष्कळदां होतो. आणि ‘मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, मानेवर व्रण नको’ म्हणून कित्येक घरीं हीच तपासणी लांबविली जाते. रोग स्पर्शानें पसरत नाहीं, व वेळीं उपचार झाल्यास बहुतेक रोगी बरे होतात. दोन बोटांचा व्रण लपविण्यासाठीं मुलीचें आयुष्य पणास लावणें, हें सुज्ञ घरास शोभत नाहीं.