पाण्याची तलवार

मागच्या महिन्यात पासवर्डवर लिहिलं, त्यावर दोन मावश्यांचे फोन आले. म्हणे, आता मुलांच्या गेमवरही लिही, जरा समजावून सांग त्यांना. लिहितो. पण समजावण्यासारखं यात फारसं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा भेस्तानला आमच्याकडे राहायला होता. यंदा दहावी. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आताचं काहीच चालत नाही, म्हणून त्याने 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे माझ्या काळातले भाग लावले. आठवड्याभराने, माझा ऑफिसचा कॉल चालू असताना, त्याने माझ्यापुढे वही आणून ठेवली. पानभर एक आडवी रेघ, तिला तीन-चार फाटे, प्रत्येक फाट्यावर बारीक अक्षरात टिपणं. ''मामा, गोष्ट जुळत नाहीये.''

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिला भाग, 'सँड्स ऑफ टाइम', २००३ सालचा. सुरुवात चक्क हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या किल्ल्यावरच्या हल्ल्याने होते. राजपुत्राला तिथे काळ मागे फिरवणारा खंजीर मिळतो, एका वजिराच्या कारस्थानाला बळी पडून तो जादूची वाळू मोकळी करतो आणि अनर्थ होतो. शेवटी तो सगळा काळच उलटा फिरवतो, हल्ल्याच्याही आधीपर्यंत. म्हणजे आपण जे काही खेळलो ते घडलंच नाही. ज्या राजकन्येबरोबर एवढं सगळं झालं, तिला तो अनोळखी.

मोठी गंमत म्हणजे खेळताना आपण मेलो, की राजपुत्र म्हणतो, नाही नाही, असं नव्हतं झालं. आणि गोष्ट परत मागून सुरू करतो. कीर्तनकार एखादा दुवा चुकल्यावर सावरून घेतो ना, तसं.

पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला, 'वॉरियर विदिन'. आता सात वर्षं उलटली आहेत. हसरा, थोडा शिष्ट राजपुत्र चिडका आणि रक्ताळलेला झाला आहे, कारण काळाशी केलेल्या लबाडीबद्दल दहाका नावाचा एक राक्षस त्याच्या मागे लागला आहे. खरं कारण कदाचित साधंच असेल. पहिल्या भागाची कथा जॉर्डन मेकनर यांनी लिहिली होती, दुसऱ्यात ते नव्हते. पण खेळणारा असं कारण मानत नाही. त्याला गोष्टीच्या आतलं कारण हवं असतं.

आणि इथूनच भांडण सुरू होतं, कारण या दुसऱ्या भागाला शेवट दोन आहेत. एकात काळाची सम्राज्ञी कायलिना मरते आणि राजपुत्र एकटाच बाबिलोनला परततो. दुसऱ्यात ती जगते, दहाका मरतो आणि दोघं एका नावेतून जातात. हा दुसरा शेवट हवा असेल, तर आयुष्य वाढवणाऱ्या नऊच्या नऊ जागा शोधाव्या लागतात. सापळ्यांनी भरलेल्या बोळांच्या टोकाला त्या लपवलेल्या आहेत. नऊ सापडल्या तरच पाण्याची तलवार मिळते, आणि ती असेल तरच दहाकाशी लढता येतं. हे बहुतेकांना माहीतच नसायचं. आमच्या हॉस्टेलवर तर कोणालाच नव्हतं.

मी तेव्हा जळगावकडे इंजिनीअरिंगला होतो. उधन्याहून ताप्ती लाइनने जायचं, बॅगेत आईने दिलेली शेवभाजी आणि कॉपी केलेल्या सीड्या. आम्ही सगळ्यांनी कायलिना मेलेली पाहिली. मग तिसरा भाग लावला, 'द टू थ्रोन्स', २००५ सालचा. पाहतो तर ही बाई नावेत बसलेली! आणि गोष्टही तीच सांगते आहे. आधी वाटलं सीडीच खराब आहे. मग मी एक थिअरी मांडली: ही मेलेल्या कायलिनाच्या आत्म्याची वाणी आहे, आणि नावेत ती फक्त राजपुत्राला दिसते. मेसमध्ये पंधरा दिवस माझी थिअरी चालली. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

फक्त एक मित्र म्हणाला, असं नाही. दुसरा शेवट आहे, मी पाहिलाय, पाण्याची तलवार मिळते. दाखव म्हटलं, तर त्याचा कॉम्प्युटर नुकताच फॉरमॅट केलेला. सेव्ह फाइल गेलेली. मी भर मेसमध्ये त्याला थापाड्या म्हणालो आणि 'पाणीवाला' हे नाव ठेवलं. ते शेवटच्या वर्षापर्यंत टिकलं. खाली आलेली ज्युनिअर मुलंसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची. त्याने गेमवर बोलणं सोडलं आणि हळूहळू आमच्या खोलीत येणंही. नोकरीला लागल्यावर वर्षभरात मला कळलं की तो शब्दश: खरं बोलत होता. तिसरा भाग त्याच्याच शेवटावर उभा आहे. वाळू निर्माणच झाली नाही, म्हणून पहिल्या भागात मेलेला वजीर तिसऱ्यात जिवंत आहे. सगळं चोख बसतं. मी फोन केला नाही.

भाच्याचा प्रश्न मात्र पुढचा होता. २०१० मध्ये 'द फरगॉटन सँड्स' आला आणि त्या सात वर्षांच्या मधल्या पोकळीत बसवला गेला. त्यात राजपुत्राला मलिक नावाचा मोठा भाऊ आहे, तो शेवटी मरतो. मग 'वॉरियर विदिन'मध्ये त्या भावाचं नावही का नाही? माझं उत्तर इंजिनीअरचं: जुन्या कोडमध्ये नवं फंक्शन मागाहून घातलं, जुन्याला त्याचा पत्ता कसा असणार? भाच्याला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, राजपुत्राने भावाच्या राज्यात पुन्हा काळाशी खेळ केला, त्यावरूनच दहाकाला त्याचा माग लागला. म्हणजे भावाचं नाव काढणं म्हणजे स्वत:चा गुन्हा कबूल करणं. म्हणून तो गप्प. मला ही थिअरी माझ्या भुताच्या थिअरीपेक्षा खूपच चांगली वाटली.

आई भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, ''हे तर इरावतीबाईंसारखं झालं.'' आणि कपाटातून 'युगान्त' काढून आणलं. धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा का, हा इरावती कर्वे यांचा तर्क. विदुर हा शापाने जन्मलेला यमधर्म, कुंतीने बोलावला तोही यमधर्मच, आणि शेवटी रानात विदुर योगबळाने धर्मराजाच्याच देहात शिरतो. व्यासांनी सरळ कुठे म्हटलेलं नाही. बाईंनी दुवे जोडले. भाचा पुस्तक घेऊन झोपाळ्यावर बसला. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, बोट ठेवून वाचत होता.

मी त्याला पुण्याच्या भांडारकर संस्थेचंही सांगितलं. महाभारताची संशोधित आवृत्ती करायला १९१९ ते १९६६ एवढा काळ लागला, १२०० हून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली. मूळ म्हणून एक पाठ वर छापला, पण बाकीचे फेकले नाहीत, तळटीपांत ठेवले. भाचा म्हणाला, ''मग तू पाहिलेला शेवट तळटीप आहे, मामा.''

पुण्याचं नाव निघालं म्हणून हेही सांगतो: पहिल्या भागाची नवी आवृत्ती करायचं काम २०२० मध्ये युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे असं जाहीर झालं, तेव्हा मी उगाचच ऑफिसात पेढे वाटले होते. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं.

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी रात्री अकराला भाचा ओरडला. पाण्याची तलवार. इतक्या वर्षांनी मी ती पहिल्यांदा पाहिली, निळसर, स्क्रीनच्या मधोमध. फोटो काढला आणि मित्राला पाठवला. नंबर तोच आहे की नाही हेही माहीत नव्हतं. खाली लिहिलं: तू खरं बोलत होतास, मी चुकलो, नाव ठेवलं त्याबद्दल माफ कर.

दहा मिनिटांनी फोन आला. तो बराच वेळ काही बोलेना.

''आत्ता सांगतोस?''

''हो रे.''

''माझ्या लग्नातसुद्धा एकाने त्याच नावाने हाक मारली होती. बायकोला काय सांगायचं ते कळेना.''

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने विचारलं, ''कोणी काढली तलवार? तू तर नाही काढणार.''

''भाच्याने.''

''दे त्याला. नववी जागा त्याला कुठे सापडली विचारायचंय. मला आठवेना झालीय.''

भाचा फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. पाऊण तास झाला तरी दोघं बोलतच होते. मलिकचं नाव दोनदा ऐकू आलं.