पिकअप घेताना सीसी नंतर बघा, आधी आपल्या पट्ट्या काढा



फवारणीचा नेहमीचा सल्ला उद्या सकाळी येईल. आजचा मेसेज जरा मोठा आहे आणि तो पिकाचा नाही, गाडीचा आहे. हंगाम संपला, हातात चार पैसे आले की जुनी पिकअप बघायला सुरुवात होते. सध्या कलेक्शन सेंटरवर बरेच जण एकच प्रश्न विचारतात, "साहेब, छोटा हत्ती घेऊ का बोलेरो? इंजिन केवढं बघू?"

मी मेकॅनिक नाही. पण तोडे, मालाचं वजन आणि वाहतुकीचा खर्च हे माझ्या रोजच्या कामातलं आहे, आणि इंजिनाच्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच निघतं. खाली लिहिलेलं मत माझं आहे. नाही पटलं तर सेंटरवर या, बोलू.

*आधी मत सांगतो*

"मोठंच घेऊन ठेव, कधीतरी लागेल" हा सल्ला आपल्याकडे सगळ्यात जास्त दिला जातो, आणि आपल्या बहुतेक सभासदांसाठी तो चुकीचा आहे. त्याच्या उलट, "छोटी घे, थोडा जास्त माल भरला तरी ओढते" हा तर त्याहून चुकीचा आहे. वर्षातल्या दहापैकी आठ फेऱ्यांना जेवढं वजन असतं, तेवढं पासिंग आणि तेवढं ओढणारं इंजिन घ्यावं. उरलेल्या दोन फेऱ्यांना भाड्याची गाडी सांगावी.

*सीसी म्हणजे सगळं नाही*

विहिरीवर मोटार बसवताना आपण नुसता एचपी विचारत नाही. पाणी किती खोल आहे, पाइप किती लांब आहे, हे आधी बघतो. गाडीचंही तसंच. आपल्या भागात जुन्या बाजारात ज्या गाड्या जास्त दिसतात त्या साधारण अशा:

▪ टाटा एस म्हणजे छोटा हत्ती (जुनं डिझेल मॉडेल): सुमारे ७०० सीसी, २ सिलिंडर, १६ एचपी. पासिंग पाऊण टनाच्या आसपास.
▪ अशोक लेलँड दोस्त (बीएस४ पर्यंतची): १४७८ सीसी, ३ सिलिंडर, ५८ एचपी. पासिंग साधारण सव्वा टन.
▪ टाटा इंट्रा व्ही३०: १४९६ सीसी, ४ सिलिंडर, ७० एचपी. पासिंग साधारण १.३ टन.
▪ महिंद्रा बोलेरो पिकअप (जुनं मॉडेल): २५२३ सीसी, ४ सिलिंडर, ६३ एचपी. पासिंग मॉडेलप्रमाणे सव्वा ते १.७ टन.

आता नीट बघा. इंट्राचं इंजिन बोलेरोपेक्षा हजार सीसीने लहान, पण एचपी जास्त. मग बोलेरोला लोक दमदार का म्हणतात? कारण ओढ, म्हणजे टॉर्क. बोलेरोचा टॉर्क १९५ न्यूटन मीटरच्या आसपास आहे आणि तो कमी आरपीएमलाच मिळतो. इंट्राचा १४० आहे. एचपी म्हणजे भरलेली गाडी किती वेगात नेता येईल, आणि टॉर्क म्हणजे उभी गाडी चढावर किती सहज उठेल, असं साधं समजा. दोन्हीत गिअरचाही वाटा असतो. त्यामुळे नुसता सीसीचा आकडा ऐकून व्यवहार करू नका.

*आता हिशोब करू*

समजा एक एकर टोमॅटो आहे आणि जोडीला थोडा दुसरा भाजीपाला. टोमॅटोचे २० तोडे झाले. त्यातले ४ भर तोडे ६० क्रेटचे, बाकीचे १६ तोडे ३० ते ४० क्रेटचे. क्रेटमध्ये २० किलो माल आणि क्रेटचं वजन धरून २२ किलो.

▪ नेहमीचा तोडा: ६६० ते ८८० किलो
▪ भर तोडा: १,३२० किलो

छोटा हत्ती इथे रोजच पासिंगच्या काठावर किंवा पासिंगच्या वर चालणार. म्हणजे तो आपल्या उपयोगाचा नाही. १५०० सीसीच्या वर्गातल्या गाडीत नेहमीचा तोडा आरामात बसतो आणि भर तोड्यातलेही ५५-५६ क्रेट पासिंगमध्ये जातात. बोलेरोसारखी मोठी गाडी लागते ती फक्त त्या ४ दिवसांसाठी, तीही ४-५ क्रेटसाठी.

या ४-५ क्रेटची किंमत काय? वर्षाला १५० फेऱ्या आणि जाऊन-येऊन ४० किलोमीटर धरले तर ६,००० किलोमीटर होतात. डिझेल ९० रुपये धरू. १५ चं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या गाडीला ४०० लिटर, म्हणजे ३६,००० रुपये. १२ चं देणाऱ्या गाडीला ५०० लिटर, म्हणजे ४५,०००. फरक ९,००० रुपयांचा. त्यात मोठी गाडी दीड लाखाने महाग पडली आणि ते पैसे १२ टक्क्यांनी काढले, तर पहिल्या वर्षाचं व्याजच १५ ते १८ हजार. म्हणजे वर्षाला जवळजवळ २५ हजार जास्त जातात. ४ भर तोड्यांना २,००० रुपयांप्रमाणे भाड्याची गाडी सांगितली तरी ८ हजार लागतात. हे आकडे समजायला धरले आहेत. तुमचे आकडे घालून बघा, उत्तर बदलू शकतं. पण आकडे घातल्याशिवाय व्यवहार करू नका.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. वर्षाला ३०-४० फेऱ्याच होत असतील तर कोणतीच गाडी घेऊ नका. भाडं स्वस्त पडतं. दारात उभ्या गाडीचा विमा, बॅटरी, टायर आणि हप्ता थांबत नाही.

*घाटाचं कारण तपासून घ्या*

"आपल्याला घाट आहे, मोठं इंजिन पाहिजेच" असं बरेच जण म्हणतात. पण माल भरून घाट चढता का उतरता, हे आधी सांगा. जुन्नर-ओतूरकडून माळशेजमार्गे कल्याणला किंवा वाशीला जाताना भरलेली गाडी घाट *उतरते* आणि परत येताना रिकामी चढते. नाशिककडून कसारा घाटाने जाणाऱ्यांचंही तेच. कोकणातून आंबा भरून वर कोल्हापूरला येणाऱ्याचं गणित वेगळं, त्याला भरल्या गाडीने चढायचं असतं.

भरलेली गाडी उतरवताना एचपीपेक्षा ब्रेक, टायर आणि इंजिनाची पकड महत्त्वाची. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत जाते, पेडल दगडासारखं होतं. मोठं इंजिन उतारावर जास्त पकड देतं हे खरं आहे. पण पासिंगइतकाच माल असेल तर १५०० सीसीची चांगल्या ब्रेकची गाडीही नीट उतरते.

आपल्याकडचा खरा अवघड चढ वेगळाच असतो. शेतातून डांबरीवर येणारा, पावसात चिखल झालेला वीस-तीस फुटांचा चढ. तिथे कमी आरपीएमची ओढ लागते, नाहीतर क्लच जळतो. तुमच्या बांधावर असा चढ असेल तर गाडी बघताना हे लक्षात ठेवा. नाहीतर दोन ट्रॉली मुरूम टाका. इंजिनापेक्षा मुरूम स्वस्त आहे.

*मोठं इंजिन कुणी घ्यावं?*

▪ रोजचा माल सव्वा टनाच्या वर आहे, किंवा तीन-चार शेजाऱ्यांचा माल नियमित एकत्र जातो.
▪ भरलेली गाडी रोज मोठा चढ चढते.
▪ गाडी भाड्याने चालवायचीच आहे, आणि चालवणारा माणूस घरात आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर नीट विचार करा. "भाड्यानेही चालवू" असं म्हणून मोठी गाडी घेतली जाते, पण भर हंगामात गाडी आणि माणूस दोघंही आपल्याच शेतात अडकलेले असतात. तेव्हाच तर भाडं मिळतं! भाड्याचा धंदा करायचा असेल तर तो धंदा म्हणून करा. हप्ता फेडायची आशा म्हणून त्याच्याकडे बघू नका.

छोटा हत्ती कुणी घ्यावा? ज्यांचा माल कायम २०-२५ क्रेटच्या आत आहे, बाजार १०-१५ किलोमीटरवर आहे आणि रस्ता सपाट आहे, त्यांनी. फुलं, पालेभाजी, दूध यांना तो उत्तम आहे.

*जास्त माल भरून भागवणं महागात पडतं*

पासिंगपेक्षा जास्त माल सापडला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या बदलानंतर दंड २०,००० रुपये आणि वर जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये. म्हणजे ३०० किलोसाठी एका दिवसाची पट्टी गेली समजा. दंड नाही झाला तरी लहान इंजिन रोज पूर्ण ताकदीने ओढत राहिलं की तापतं, ऑइल खायला लागतं, क्लच आणि पाटे जातात. ब्रेक तर तेवढ्या वजनासाठी बनवलेलेच नसतात. गाडीत आपलीच पोरं बसतात, हे विसरू नका.

*जुन्या गाडीत उरलेला दम विकत घेतो आपण*

थकलेल्या २५०० पेक्षा निरोगी १५०० केव्हाही चांगली. बघायला जाताना ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि एवढं तरी तपासा:

१. सकाळी, इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.
२. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडा. तिथून धूर फुंकल्यासारखा येत असेल तर इंजिन आतून झिजलंय.
३. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग नको. हे झाकण गरम इंजिनावर उघडू नका, भाजतं.
४. मागचे पाटे मोजा. कंपनीपेक्षा जादा पाटा टाकलेला असेल तर त्या गाडीने आयुष्यभर जास्त माल ओढलाय. चेसिसला वेल्डिंग आहे का तेही खाली वाकून बघा.
५. रिकामी गाडी चालवून निर्णय घेऊ नका. दहा-पंधरा पोती टाका, चढावर थांबवा आणि तिथून उचला. मालक नको म्हणाला तर ती गाडी सोडा.
६. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्या बीएस६ आल्या. बीएस६ डिझेलमध्ये धुराची गाळणी असते, आणि रोज फक्त दोन-चार किलोमीटर हळू चालणाऱ्या गाडीत ती चोंदते. तुमच्या फेऱ्या अशा असतील तर त्याचा दिवा, खर्च, सगळं आधी विचारून घ्या.

कागद: सीसी, रिकामं वजन आणि भरलेलं वजन आरसीवर असतं, तोंडी पासिंगवर विश्वास ठेवू नका. एमपरिवहन अ‍ॅपवर फिटनेस आणि विमा बघा, थकलेली चलनं ऑनलाइन तपासा. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, तो खर्च धरा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, आधीचं कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. लायसनची काळजी नको. नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे एलएमव्ही लायसनवर ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, त्यामुळे लायसनसाठी लहान गाडी घ्यायचं कारण नाही.

*आता एक काम करा*

गाडी बघायला जायच्या आधी गेल्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या काढा. प्रत्येक फेरीचं वजन एका कागदावर उतरवा, अगदी लहान फेरीसुद्धा सोडू नका. घरातल्या ताईंना, मुलांना सोबत घ्या, क्रेटचा खरा हिशोब बऱ्याचदा त्यांच्याच वहीत असतो. दहापैकी आठ फेऱ्या कोणत्या वजनात बसतात ते बघा. ज्यांना हिशोब जमत नाही त्यांनी पट्ट्यांचे फोटो मला याच नंबरवर पाठवा, किंवा सेंटरवर घेऊन या. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि भर तोड्याच्या दिवशी गाडी कमी पडणार असेल तर दोन दिवस आधी ग्रुपवर टाका. एकाच रस्त्यावरच्या सभासदांचा माल जोडून गाडी लावता येते. त्या चार दिवसांसाठी कुणी दीड लाख जास्त कर्ज काढू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी